शब्द बुडू नये म्हणून

गेल्या चैत्रात डिचोली तालुक्यात साखळीहून परतत असता विठ्ठलापूरच्या देवळाजवळ आम्ही क्षणभर थांबलो. आत भजन चालले होते. बुवांनी चरण म्हणावा, सर्वांनी ध्रुवपद उचलून धरावे, टाळ-पखवाजाने साथ द्यावी. रस्त्यावर उभे राहूनही शब्दन् शब्द आम्हांस कळला. संत नामदेवांच्या (१२७०–१३५०) अभंगांची ही रीत. त्यांच्या मूळ चाली कोणी लिहून ठेवल्या नाहीत, परंतु गाणारे तुटले नाहीत.

वाचकहो, त्या वेळी आम्हांस आठवण झाली ती नामदेवांच्याच शतकातील गियोम द माशो (मृत्यू १३७७) ह्या फ्रेंच रचनाकाराची. हा रॅन्सच्या कॅथीड्रलचा कॅनन. त्याचे उलट झाले: चाली लिहिलेल्या राहिल्या, गाणारे मात्र शतकानुशतके नव्हते.

त्या काळी फ्रान्सात 'आर्स नोव्हा', म्हणजे 'नवी कला', निघाली होती. स्वरांच्या लांबीचे बारीक भाग लिहून दाखविता येऊ लागले, आणि निरनिराळे कंठ निरनिराळ्या लयीत एकाच वेळी गाऊ लागले. एकाने सूर मध्येच तोडावा, दुसऱ्याने तो झेलावा. ह्या प्रकारास उचकीचेच नाव पडले होते! पोप बाविसावे जॉन ह्यांस हे रुचले नाही. मूळ ग्रेगोरियन चाल झाकली जाते, कान मात्र धुंद होतात, अशी तक्रार त्यांनी १३२४-२५ च्या आज्ञापत्रात केली. सणासुदीस मूळ चालीवर अष्टम, पंचम, चतुर्थ असे साधे संवादी स्वर त्यांनी चालू दिले. तक्रार रास्त होती. उपाय मात्र, आमच्या मते, माशोने अधिक चांगला दाखविला.

१३६० च्या सुमारास त्याने चार कंठांची मिस्सा रचली. मिस्सेचे सर्व नित्य भाग एकाच रचनाकाराने रचल्याचे हे ज्ञात असलेले पहिले उदाहरण होय. 'किरिये', 'सांक्तुस' ह्यांत शब्द थोडे, म्हणून तेथे लयीचा ठरावीक साचा पुन्हा पुन्हा फिरवून त्याने स्वरांची दाट वीण घातली. 'ग्लोरिया' व 'क्रेदो' ह्यांत शब्द पुष्कळ. तेथे चारही कंठ बहुतेक ठिकाणी एकच अक्षर एकाच वेळी उच्चारतात, आणि 'ग्लोरिया'त येशू ख्रिस्ताच्या नावाशी येताच सारे दीर्घ स्वरांवर स्थिरावतात.

बहुकंठी गायन गोव्यात आले ते सोळाव्या शतकात, जुन्या काबिजादीतील चर्चमधून. डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. तोवर ह्या भागांत भजनाचाच सूर घरोघरी होता. आमच्या गायकवृंदास हे दोन्ही शेजारी लाभले आहेत, आणि तरीही गेल्या फेस्ताला आमचा 'ग्लोरिया' चार कंठांत असा काही गुंतला की एक आजी म्हणाल्या, "फादर, गोड झाले हो, पण गायले काय?" आम्ही निरुत्तर झालो.

यंदा चारही कंठ ठेवले आहेत, मात्र 'ग्लोरिया'तील अक्षरे सर्वांनी एकत्रच उच्चारावयाची. पहिली तालीम शुक्रवारी. आजींना शेवटच्या बाकावर बसण्याचे आमंत्रण दिले आहे.