‘थ्रिफ्ट’ चालतं, मग ‘जुनं’ का नाही?

परवा माझ्या रूममेटने इन्स्टावरच्या एका थ्रिफ्ट पेजवरून साडेतीनशे रुपयांत डेनिम जॅकेट मागवलं. आधी कुणीतरी वापरलेलं, कॉलर विटलेली. पार्सल फोडल्याबरोबर आम्ही सगळ्या जणी ‘कसलं भारी व्हिंटेज’ म्हणत त्यावर तुटून पडलो. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. शेजारच्या वहिनींनी माझ्या सहा महिन्यांच्या भाचीसाठी त्यांच्या मुलीचे लहान झालेले कपडे पिशवी भरून पाठवले होते आणि ताई चिडली होती. ‘‘आम्हाला काय कपडे घेता येत नाहीत का?’’

तुमच्याही घरात हे ऐकलं असेल. आपण अप्पा बळवंत चौकात कुणाची तरी पेन्सिलने रंगवलेली पुस्तकं निम्म्या किमतीत घेतो आणि वर दुकानदाराशी घासाघीस करतो. त्यात लाज नाही. बाळाच्या झबल्यापाशी आलं की मात्र घराण्याची इभ्रत आडवी येते.

खरं तर सेकंडहँड घ्यायला लहान मुलांच्या कपड्यांइतकी चांगली वस्तू नाही. जन्मताना साधारण ५० सेंटीमीटर असलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत ७५ सेंटीमीटरच्या आसपास पोचतं, वजन जवळपास तिप्पट होतं. कपडा फाटायच्या कितीतरी आधी लहान होतो. मी स्वतः भाचीच्या बारशाला शिकवणीच्या पैशांतून बाराशे रुपयांचा जाळीचा फ्रॉक नेला होता. जाळी टोचली, पोरीने घर डोक्यावर घेतलं, दहा मिनिटांत फ्रॉक उतरवला. पुढच्या वेळी काढला तर पाठीची चेन लागेना. मिनिटाला १२० रुपये पडले. इतक्या महागाचं तर मी कधी कॉफीसुद्धा पीत नाही.

आणि त्या बारशाला तिला शांत कशाने केलं, माहितेय? आजीच्या जुन्या सुती लुगड्याच्या दुपट्याने. बाळाचं पहिलं अंगडं-टोपडं जुन्या कापडाचं शिवायची पद्धत आपल्याकडे कितीतरी घरांत होती. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत टोचत नाही, एवढं साधं कारण.

मग ताई चुकली का? मला तसं म्हणवत नाही. मी नऊ वर्षांची असताना एका लग्नात मामेबहिणीचा जुना फ्रॉक घालून गेले होते. जेवणाच्या पंगतीत तिने सगळ्यांसमोर माझ्या कंबरेजवळ बोट ठेवलं, ‘‘हा माझा आहे. इथे माझी शाई सांडली होती.’’ तो निळा डाग आजही आठवतो. ताईने तर असे फ्रॉक माझ्या आधी घातलेत, माझ्याकडे ते तिसऱ्या हाताने यायचे. आम्हाला कुणी ‘हवेत का’ असं विचारलंच नव्हतं. आले, घातले.

माझ्या रूममेटने जॅकेट निवडलं, भाव विचारला, पैसे दिले. आवडलं नसतं तर पुढे स्क्रोल केलं असतं. जुना कपडा तिथेही होता आणि इथेही. फरक नाही म्हणता येण्याचा आहे.

आता आपण देतो तेव्हा काय करतो, ते आठवून बघा. दिवाळीच्या साफसफाईत चेन तुटलेली, बगलेत उसवलेली कपड्यांची चळत कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात कोंबतो आणि वर पुण्य मिळाल्यासारखं वाटून घेतो. त्यापेक्षा बोहारणीचा व्यवहार मला जास्त स्वच्छ वाटतो. ती प्रत्येक शर्ट उजेडात धरून बघते, नको ते बाजूला काढते आणि एका स्टीलच्या पातेल्यासाठी आईशी अर्धा तास वाद घालते. पुढे तेच कपडे धुऊन, टाके घालून मुंबईच्या चिंधी बाजारासारख्या ठिकाणी पहाटे विकायला येतात. तिथला गिऱ्हाईकही पारखून, पैसे मोजून घेतो. कुणी कुणावर उपकार करत नाही.

ज्यांना वापरलेलं नकोच, त्यांच्यासाठी फॅशन स्ट्रीटचा सरप्लस माल आहे, जुलै आणि जानेवारीचे सेल आहेत. फक्त सेलमध्ये बाळाचं आजचं नाही, पुढचं वय मोजा. जानेवारीत सहा महिन्यांची असलेली मुलगी पुढच्या डिसेंबरात सतरा महिन्यांची असेल, म्हणजे स्वेटर घ्यायचा तो १८ ते २४ महिन्यांचा. (तोही पुण्या-नाशिकला. मुंबईत स्वेटर ही कपाटाची शोभा.) ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ला मी तरी आता फसत नाही, कारण तिसरा नेहमी भलत्याच मापाचा निघतो. वापरलेलं घेताना कपडा उलटा करून शिवण बघा, बटणं ओढून बघा, टोपीची किंवा गळ्याची नाडी असेल तर काढूनच टाका. बाळाच्या गळ्याशी नाडी नकोच. आणि घरी आणल्यावर गरम पाण्यात धुवा, नवा असला तरी.

पिशवीचं पुढे काय झालं? मी वहिनींना फोन केला, सगळं मोकळेपणाने सांगितलं. त्या हसल्या आणि ताईला म्हणाल्या, ‘‘अगं, हवं ते ठेव, बाकीचं परत दे. माझ्या जावेला पण हवेत.’’ ताईने बावीसमधले नऊ कपडे काढून घेतले. उरलेले घडी घालून परत केले, सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा. माझा जाळीचा फ्रॉकही तिने त्याच पिशवीत सरकवला होता. वहिनींच्या जावेने तेवढा एकच परत पाठवलाय.