आईचं कार्ड आईनेच करायचं का?

मागच्या वर्षी एका संध्याकाळी मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. उद्या प्रत्येक मुलाने आई-वडिलांसाठी 'स्वतः बनवलेले' भेटकार्ड आणावे. कार्डशीट, लेस, चमकी आणि पालकांचा एक फोटो लागेल. मुलगी तेव्हा दुसरीत होती. स्टेशनरीच्या दुकानात गेलो तर माझ्यासारखे चार-पाच बाप आधीच उभे. घरी बायकोने भांडी आवरली आणि कात्री हातात घेतली. कोपरे गोल कापले, लेस चिकटवली, कागदाचा गुलाब केला. साडेदहाला मुलगी तिथेच सतरंजीवर झोपून गेली. आतला मजकूर राहिला होता. तोही बायकोनेच लिहिला, मुलीसारखं वाकडंतिकडं अक्षर काढून : 'अम्मी, तू माझ्यासाठी खूप कष्ट घेतेस.'

स्वतःचे आभार स्वतःच मानून ती झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी त्या कार्डाला वर्गात पहिला नंबर मिळाला.

तेव्हा आम्ही हसलो. पण नंतर विचार करताना वाटलं, यात हसण्यासारखं फारसं काही नाही. कृतज्ञता शिकवायच्या नावाखाली आपण मुलीला एवढंच शिकवलं होतं की, तुझं काम दुसरं कुणीतरी करतं आणि नाव तुझं लागतं.

आपल्या समाजात काही जणांना असे उपक्रमच मान्य नसतात. 'मदर्स डे वगैरे आपल्यात नसतं, आई-वडिलांसाठी वर्षातून एक दिवस कसला?' असं ते म्हणतात. त्यातला अर्धा भाग मला पटतो. सूरह लुकमानच्या चौदाव्या आयतीत अल्लाहचे आभार आणि आई-वडिलांचे आभार एकत्र सांगितले आहेत. हे कर्तव्य रोजचं आहे, त्याला तारीख नाही. पण म्हणूनच मुलाने एखाद्या दिवशी कागद कापून अम्मीच्या हातात ठेवला, तर त्यात बिघडलं काय? रोजचं कर्तव्य लहान मुलाला कळायला काहीतरी हातात धरता येण्यासारखं लागतं. शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभव हा विषय त्यासाठीच तर आहे.

तारखेचं म्हणाल, तर मदर्स डे मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतो. तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. म्हणजे शाळेला हा उपक्रम दुसऱ्याच कुठल्या तरी दिवशी घ्यावा लागतो. मग कोणत्याही साध्या बुधवारी घेतला तरी चालेल.

या दिवसाचा इतिहासही बोलका आहे. अमेरिकेत ॲना जार्विस नावाच्या बाईने आपल्या दिवंगत आईच्या आठवणीसाठी 1908 मध्ये हा दिवस सुरू केला. 1914 मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तो देशभर जाहीर केला. पण थोड्याच वर्षांत फुलांचा, मिठाईचा आणि छापील कार्डांचा बाजार भरला आणि ज्या बाईने दिवस सुरू केला तीच त्याविरुद्ध लढू लागली. छापलेलं कार्ड पाठवणं म्हणजे आईला दोन ओळी लिहिण्याचाही आळस, असं तिचं म्हणणं होतं. शंभर वर्षांनंतर आपण बाजारातून लेस आणि चमकी आणतो, आणि त्या दोन ओळीही आईकडूनच लिहून घेतो.

यंदा मुलीच्या वर्गाला नव्या बाई आल्या. त्यांनी काहीच विकत आणायला सांगितलं नाही. म्हणाल्या, 'आठवडाभर घरी नीट बघा. आई किंवा वडील करतात असं एक काम शोधा, जे तुम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं.' शुक्रवारी वर्गातच जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांवर मुलांनी ते काम चितारलं. कार्ड घरी नेऊन पूर्ण करायची मुभा नव्हती.

मला ही रीत फार आवडली, कारण ती कुठल्याही गावात चालेल. भिवंडी-मालेगावचं मूल बापाच्या यंत्रमागावरचा उरलेला धागा चिकटवेल. सोलापुरात आईबरोबर बसणारं मूल विड्यांचा कट्टा काढेल, आणि हजार विड्या झाल्याशिवाय मजुरीचा हिशोब होत नाही हे त्याला त्या निमित्ताने कळेल. आखातात कामाला असलेल्या अब्बांचं मूल मोबाईलचा चौकोन काढेल, कारण त्याला अब्बा तिथेच दिसतात. आभार मानण्याआधी कष्ट दिसावे लागतात. ते दाखवण्याचं काम शाळा करू शकते.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली. फळ्यावर 'प्रिय आई' असं लिहून दिलं नाही. मुलीने विचारलं, 'मी अम्मी लिहू?' बाई म्हणाल्या, 'घरी जी हाक मारतेस तीच लिही.' मग कुणी मम्मी लिहिलं, कुणी आय, कुणी पप्पा. एका मुलाने 'फुफी' लिहिलं. त्याची आई दोन वर्षांपूर्वी वारली. फुफी त्याला सांभाळते. फळ्यावर 'प्रिय आई' असतं तर त्या मुलाने काय केलं असतं, हा विचार मनातून जात नाही.

हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको. आपल्या पैगंबरांचे (स.) वडील त्यांच्या जन्माआधीच गेले, आई सहाव्या वर्षी गेली. आजोबांनी, मग चुलत्यांनी त्यांना वाढवलं. आज ते मूल एखाद्या वर्गात बसलं असतं, तर त्याच्या हातात आपण कोणतं कार्ड दिलं असतं? प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतं. उपक्रम ठरवताना आधी त्याचा विचार व्हावा.

शिक्षकांना विनंती एवढीच : साहित्याची यादी देऊ नका, कार्डांना नंबर देऊ नका आणि काम वर्गातच पूर्ण करून घ्या. पालकांनी कात्रीला हात लावू नये.

माझ्या मुलीने यंदा तवा काढला. तवा कसला, काळा गोळाच. शेजारी एक हात, आणि खाली लिहिलंय : 'अम्मीचं बोट भाजतं. ती सांगत नाही.' या कार्डाला नंबर नव्हता. बायकोने ते पिठाच्या डब्यावर चिकटवलंय. आणि खरं सांगायचं तर, ते भाजलेलं बोट मीही त्याआधी पाहिलं नव्हतं.