दोन कोतवाल

खेड्यात कोतवाल दोन असतात. एक महसूल खात्याचा हुकमी नोकर, जो पंचनाम्याची वर्दी घरोघर पोहोचवितो. दुसरा काळाभोर, दुभंगल्या शेपटीचा पक्षी, जो उंच काटकीवर बसून शेतातील किड्यांवर नजर ठेवतो. पिकांच्या नासाडीच्या प्रश्नात आपल्या राज्यकारभाराने पहिल्यावर जितकी भिस्त ठेवली, तिच्या शतांशाइतकीही दुसऱ्यावर ठेवली नाही, ही माझी तक्रार आहे.

जगात पिकणाऱ्या शेतमालाचा 40 टक्क्यांपर्यंत हिस्सा कीड व रोग गिळतात, असा संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. परंतु हा आकडा मूर्त रूपात पाहावयाचा असेल, तर पौषात हरभऱ्याच्या शेतात वाकून पाहावे. मस्तक घाट्याच्या आत आणि अर्धे अंग बाहेर, अशा निर्लज्ज आसनात घाटे अळी कोवळे दाणे खात असते, आणि एकेक अळी 30-40 घाटे पोकळ करून टाकते. देशातील कडधान्यांत जवळजवळ निम्मा वाटा हरभऱ्याचा असल्याने ही तूट अखेर गरिबाच्या पिठल्यातच पडते.

यावर प्रचलित तोड फवारणीची. आणि तीही बहुधा अळ्या मोजून नव्हे, तर शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला किंवा दुकानदाराने डबा पुढे सरकवला म्हणून. परिणामी, जे मित्रकीटक बिनपगारी चाकरी करीत असतात ते आधी मरतात आणि अळी विषास सरावते. पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांच्या बाबतीत हे 1980च्या दशकाच्या अखेरीसच दिसून आले. विष मात्र माणसाला सरावू देत नाही: 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना 20हून अधिक माणसे दगावली.

वास्तविक मोजणीची रीत साधी आहे. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावावेत. प्रत्येक सापळ्यात लागोपाठ दोन-तीन रात्री 8-10 पतंग सापडू लागले, अथवा मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, म्हणजेच उपायास हात घालावा. प्रथम 5 टक्के निंबोळी अर्क. मग लहान अळ्यांवर, उन्हाने निष्प्रभ होऊ नये म्हणून सायंकाळी, एचएएनपीव्ही हा विषाणू. रासायनिक औषध सर्वांत शेवटी. विषाणूने अळी मरावयास काही दिवस लागतात, आणि कर्जाच्या ओझ्याखालील माणसास ‘थांब’ म्हणणे सोपे नाही, हे मी जाणतो. म्हणूनच विषाणू ऐन हंगामात, खात्रीचा आणि स्वस्त मिळण्याची तजवीज सरकारनेच केली पाहिजे.

सरकारला हे अवगत नाही असे नाही. 2008 साली अळ्यांनी विदर्भातील सोयाबीनची धूळधाण केल्यावर 2009-10 पासून क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला, ज्यात शेतोशेती कीड मोजून शेतकऱ्यांस सल्ला दिला जातो. पीक किती आले हे ठरविणाऱ्या आणेवारीपेक्षा (हिला दप्तरात पैसेवारी म्हणतात, लोकांच्या तोंडून आणे काही गेले नाहीत) मला ही मोजणी अधिक मोलाची वाटते, कारण ती पीक वाचविता येईल अशा वेळी होते. तिचे आकडे दर आठवड्यास चावडीच्या फळ्यावर खडूने लिहावेत आणि गावच्या कोतवालाने त्यांचीही दवंडी द्यावी.

दुसऱ्या कोतवालाची सोय त्याहून स्वस्त आहे. हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली, की तिची ताटे पक्ष्यांना आपोआप थांबे होतात. कणसांवर चिमण्या येतील, थोडे दाणे जातील. कोतवालाला मात्र दाण्याचे अप्रूप नाही.