रोजचा एक अध्याय

गेल्या अंकातली आमच्या बेसमेंटच्या गळतीची कहाणी वाचून बऱ्याच जणांचे फोन आले. गळती थांबली आहे, आभार! या वेळचा विषय जरा घरगुती आहे आणि थोडा अवघडही.

आपल्या मंडळात मराठी ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. गणपतीत मोदक वळायला आणि नाताळात करंज्या वाटायला आम्ही असतोच, पण घरात आम्ही काय वाचतो हे बोलायची वेळ कधी आली नाही. नगरला (आताचं अहिल्यानगर) लहानपणी रोज जेवणाआधी कौटुंबिक उपासना असे. वडील बायबल उघडत आणि आम्ही भावंडं पाळीपाळीने एकेक वचन वाचत असू. भिंतीपलीकडून शेजारच्या आजोबांचा हरिपाठ ऐकू येई. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं आमच्याच जिल्ह्यातलं. रोज काहीतरी वाचल्याशिवाय ताटावर बसायचं नाही, हे दोन्ही घरांना मान्य होतं.

मग एम. एस.साठी आम्ही इकडे आलो. बायबल बॅगेतून आलं आणि बरीच वर्षं जवळजवळ बॅगेतच राहिलं. रविवारचं चर्च चुकवलं नाही, पण रोजचं वाचन? प्रोजेक्टची डेडलाइन, मुलांचं सॉकर, ड्राइव्हवेवरचा बर्फ! मशीनला वेळच्या वेळी तेलपाणी करा, असं ऑफिसात सगळ्यांना बजावणारे आम्ही, घरचं मशीन मात्र आठवड्यातले सहा दिवस कोरडंच चालवत होतो.

या जानेवारीत सौ.ने फर्मान काढलं, रोज जेवणाआधी वाचायचं. इंजिनिअरच आम्ही, आधी हिशेब मांडला. आमच्या बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले तर वर्षात संपतं, पण ते झेपणारं नव्हतं. नव्या करारात मात्र 260 अध्याय. आठवड्याला पाच, असे 52 आठवडे. बरोबर एक वर्ष! शनिवार-रविवार सुट्टी.

सोमवारी मत्तयापासून सुरुवात केली. पहिल्या अध्यायातली लांबलचक वंशावळ ऐकून तेरा वर्षांच्या लेकीने जांभया दिल्या. ती इंग्रजीतून वाचते, आम्ही मराठीतून. एखादा शब्द जुळला नाही की थांबून बोलतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला साध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. आयुष्याची शेवटची वर्षं, 1922 पर्यंत, त्यांनी त्यात घातली, हे त्या निमित्ताने तिला सांगता आलं.

शुक्रवारी पाचवा अध्याय, डोंगरावरचं प्रवचन. वाचायची पाळी लेकीची. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्या माणसाला, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जावं, अशा अर्थाचा भाग आला. ती थांबली आणि म्हणाली, “पप्पा, मग काकाचं काय?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. वडील गेल्यावर नगरच्या घरावरून धाकट्या भावाशी बिनसलं, त्याला तीन वर्षं झाली. हिशेबात आम्ही बरोबर आहोत असं आम्हाला आजही वाटतं. “जेवू या आधी,” असं म्हणून आम्ही वेळ मारून नेली. रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी समोर आली तेव्हा हात खिशातच अडकला. सोमवारी सहावा अध्याय काढला, तर त्यातही क्षमेचाच विषय!

त्या रात्री फोन लावला. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आवाज आला, “बोल, दादा.”

घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण आता दर रविवारी बोलणं होतं.

इतकी वर्षं वाचलंच नाही असं नाही. अडीअडचणीला तेविसावं स्तोत्र, लग्नात करिंथकरांच्या पत्रातला प्रीतीचा अध्याय. म्हणजे आम्हाला हवं तेवढंच. ओळीने वाचताना नको असलेलं पानही उलटून जाता येत नाही, आणि बरोबर मुलं असली की ती सोडत नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावचे लोक आहेत. पौलाने सांगितलेलं खरं आहे का, हे ते रोज शास्त्र उघडून पडताळत. आमच्या घरी पडताळणी होते ती आमचीच.

मधे ताप आणि ऑफिसचे दौरे यांत आठ-दहा दिवस बुडाले. सध्या योहानाच्या शुभवर्तमानात आहोत. तुमच्या घरी गीता असेल, दासबोध असेल, हरिपाठ असेल. मुलांना बरोबर घेऊन वाचता का? आणि ती काय विचारतात? जरूर कळवा. पुढच्या अंकात भेटूच.