रमाई घरकुल : मदत घराला, पण जागा कोणाच्या नावावर?

रमाई आवास योजनेची चर्चा बहुतेक वेळा अनुदानाच्या रकमेवर येऊन थांबते. रक्कम अपुरी आहेच. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला २६९ चौरस फुटांच्या घरासाठी ग्रामीण सपाट भागात १ लाख २० हजार आणि शहरात २ लाख ५० हजार रुपये मिळतात. हिशोब केला तर गावात चौरस फुटाला सुमारे ४४६ आणि नाशिक शहरात ९२९ रुपये. एवढ्यात घर पुरे होत नाही. हप्ता येईपर्यंत काम थांबू नये म्हणून कुटुंब बचत गटाकडून, नाहीतर फायनान्स कंपनीकडून पैसे उचलते.

पण नाशिकच्या वस्त्यांत काम करताना दिसते की अनेक कुटुंबे रकमेच्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांचा अर्ज जागेच्या उताऱ्यावर अडतो. योजनेला अर्जदाराच्या मालकीची जागा किंवा कच्चे घर लागते. आपल्याकडे जागा आजोबांच्या नावावर असते, वारस नोंद झालेली नसते, चार भावांत एकच उतारा असतो. पन्नास वर्षे घरपट्टी भरली तरी पट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, असे उत्तर मिळते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी करून मालमत्ता पत्रक दिले जाते, पण ती मोजणी गावठाणाची. ज्यांची वस्तीच जातीमुळे गावाबाहेर वसवली गेली, त्यांचे काय?

आता दुसरी बाजू बघा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये घराच्या कर्जावर व्याज अनुदान आहे : वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. म्हणजे बँक ज्याला दारात उभे करते, त्याच्या व्याजाचा भार सरकार उचलते. फायनान्स कंपनीच्या साप्ताहिक हप्त्यावर घरकुल पूर्ण करणाऱ्या बाईच्या व्याजाला मात्र अशी मदत नाही. मालकीचा कागद आणि बँकेतली पत ज्याच्याकडे आधीच आहे, त्यालाच मदत सोपी जाते.

ग्रामीण भागात जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाख रुपयांपर्यंत मदत आहे. नाशिकलगतच्या गावांतले गुंठ्याचे भाव बघता ती किती पुरेल, हे सांगायला नको.

दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९६४ चा देशव्यापी भूमी सत्याग्रह उभा केला, तो जमिनीच्या हक्कासाठी. घरकुलाचा आजचा प्रश्न त्याच मागणीचा उरलेला भाग आहे.

म्हणून मागणी नुसती 'अनुदान वाढवा' अशी नको. जुन्या वस्त्यांची मोजणी करून मालकी द्या, पती-पत्नी दोघांच्या नावे उतारा द्या आणि घरकुलासाठी घेतलेल्या छोट्या कर्जालाही व्याज अनुदान द्या, असे ठामपणे मांडले पाहिजे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर दोन तास बसा. वस्तीतल्या प्रत्येक घराचा उतारा, वारस नोंद, जातीचा व उत्पन्नाचा दाखला तपासा आणि कुठे काय अडले याची यादी करा. ती यादी घेऊन ग्रामसभेत किंवा महापालिकेत गेलो, तर एकट्या अर्जदाराला परत पाठवतात तसे सगळ्या वस्तीला पाठवता येणार नाही.

जय भीम!