चांद्रधुळीचे रंग

चंद्रावर उतरलेले पहिले दोघे सर्वांना तोंडपाठ; चौथे ॲलन बीन मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. नोव्हेंबर १९६९ मध्ये उड्डाण होताच अपोलो १२ वर वीज कोसळली. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून जॉन आरन यांनी सुचवलेलं बटण यानात नेमकं कुठे आहे, हे बीन यांना ठाऊक होतं. मोहीम वाचली. पुढे १९७३ मध्ये स्कायलॅबवर ५९ दिवस. १९८१ मध्ये नासा सोडून त्यांनी ब्रश हाती घेतला. चंद्रावर वापरलेला हातोडा ते चित्राच्या ओल्या थरावर ठोकत, चांद्रबुटाचे ठसे उमटवत, पोशाखावरच्या बिल्ल्यांचे धूळ बसलेले तुकडे रंगात मिसळत. आम्हाला हे दुसरं धाडसही तितकंच मोठं वाटतं. म्हणूनच हा अंक त्यांच्यावर काढला आहे.