जटायूवर गुन्हा दाखल करायचा काय?

‘कायदा हातात घेऊ नका!’ हे वाक्य मंत्र्यांच्या निवेदनांतून, पोलीस अधिकाऱ्यांच्या आवाहनांतून आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून समाजाच्या कानांवर इतक्या वेळा आदळले आहे, की ते कायद्याचेच एखादे कलम असावे असा सर्वसामान्य माणसाचा समज झाला आहे. प्रत्यक्षात असे कलम कोणत्याही संहितेत नाही. उलट, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३४ वे कलम नि:संदिग्ध शब्दांत सांगते की, स्वसंरक्षणाचा हक्क बजावताना केलेली कृती हा अपराधच नव्हे. ३५ वे कलम त्याही पुढे जाते. स्वतःच्याच नव्हे, तर अन्य कोणाही व्यक्तीच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क ते प्रत्येकाला देते. ती व्यक्ती नात्यातली असावी, ओळखीची असावी, आपल्या जातीची वा गावची असावी, अशी कोणतीही अट तेथे नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या वाटसरूने अनोळखी स्त्रीच्या अब्रूसाठी हात उचलला, तर तो कायदा हातात घेत नसतो. कायद्यानेच त्याच्या हातात दिलेले कर्तव्य तो बजावत असतो.

मग या वाटसरूला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे राहावे लागते?

खानदेशातील वास्तव

२०२५ च्या महाशिवरात्रीच्या सुमारास जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरजवळच्या कोथळी येथे संत मुक्ताईच्या यात्रेत एका टोळक्याने मुलींची छेड काढली. त्यांना अटकाव करणाऱ्या सुरक्षा रक्षकाशीही हुज्जत घालून धक्काबुक्की करण्यापर्यंत या टोळक्याची मजल गेली. तक्रारीसाठी केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे यांना स्वतः मुक्ताईनगर पोलीस ठाण्यात जावे लागले. ज्या यात्रेत वर्दीतल्या माणसाच्या अंगाला हात लावण्याची हिंमत गुंडांना होते, त्या यात्रेत पाळण्याशेजारी उभ्या असलेल्या एखाद्या सामान्य तरुणाने मध्ये पडावे, अशी अपेक्षा कशाच्या बळावर करायची? त्याच्यामागे ना वर्दी, ना पद, ना दूरध्वनीवर धावून येणारा पुढारी!

समजा, तो पडलाच मध्ये. झटापटीत एखादा टवाळखोर दगडावर आपटला आणि त्याचे डोके फुटले. पुढे काय घडते, हे धुळे-जळगावच्या न्यायालयांत वकिली करणारा कोणीही सांगेल. रुग्णालयातून जखमीचा जबाब येतो, ‘क्रॉस कम्प्लेंट’ नोंदवली जाते, आणि पूर्वी ज्याला ३०७ म्हणत ते खुनाच्या प्रयत्नाचे, आताच्या संहितेतील १०९ वे कलम लावण्याची भाषा सुरू होते. हल्लेखोर आणि रक्षणकर्ता एकाच बाकावर बसवले जातात. ‘दोन गटांत हाणामारी’ असा मथळा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात झळकतो. नंतर तडजोडीचा सल्ला मिळतो आणि छेड काढली गेलेली मुलगी कागदावरून नाहीशी होते. सरकारी नोकरीची, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणाला चारित्र्य पडताळणीच्या वेळी हे प्रकरण आडवे येते. तो एकदा शिकतो आणि त्याचे पाहून सारी आळी शिकते : पुन्हा कोणाच्या मध्ये पडायचे नाही.

स्त्रियांचीच नव्हे, मालमत्तेचीही हीच गत आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत विहिरीवरची मोटार आणि केबल राखण्यासाठी शेतकरी रात्र जागून काढतो. जळगावचा सराफ आणि धुळ्याच्या महामार्गावरचा मालमोटारचालक जीव मुठीत धरून वावरतो. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग अशा प्रसंगी प्रतिकार टोकापर्यंत नेण्याची मुभा संहितेचे ४१ वे कलम देते. पण हे कलम शेतकऱ्याला कोणी सांगितलेले नाही, आणि ठाण्यातल्या हवालदाराला ते आठवण्याची गरज भासत नाही.

जटायू आणि कौरवसभा

या देशाच्या स्मृतीत बघ्यांचे दोन नमुने आहेत. एक कौरवसभेतला. भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. शस्त्रे होती, शास्त्र होते, अधिकार होता. द्रौपदीची वस्त्रे ओढली जात असता हे सारे थोर पुरुष धर्माची सूक्ष्मता उगाळत बसले. दुसरा नमुना जटायूचा. सीतेशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते. वय झालेले, समोर शस्त्रसज्ज रावण, परिणाम उघड. तरीही तो आडवा गेला, रावणाचा रथ मोडला आणि पंख छाटून घेतले. प्रभू रामचंद्रांनी त्याला पित्याच्या योग्यतेचे अंत्यसंस्कार दिले. आजचे एखादे पोलीस ठाणे तेथे असते, तर रथाच्या नासधुशीबद्दल जटायूवर गुन्हा नोंदवून, ‘परस्परविरोधी तक्रारी प्राप्त’ असा शेरा मारून ते मोकळे झाले असते!

धर्मशास्त्रकारांनी आततायी कोणाला म्हणावे हे सांगून ठेवले आहे : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उपसून अंगावर येणारा, धन, शेत वा स्त्री हिरावून नेणारा. अशाला रोखणाऱ्याकडे ते दोषाने पाहत नाहीत. विशेष म्हणजे, मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा याच दिशेने विचार केला. या देशातील माणसे अन्याय निमूट सोसतात, म्हणून प्रतिकारावर निर्बंध वाढवण्यापेक्षा लोकांतले पौरुष जागे करणे आपल्याला इष्ट वाटते, असे त्या आयोगाने नमूद केले. परकीय राज्यकर्त्याने जो हक्क एतद्देशीयाला द्यावासा मानला, तो स्वकीयांच्या राज्यात ठाण्याच्या उंबरठ्यावरच गोठावा, यापरते दुर्दैव कोणते?

कटनीचा निवाडा

स्वसंरक्षणाची बाजू मांडली, की ‘हा जातीय अजेंडा आहे’ अशी ओरड करणारी एक मंडळी आहे. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निवाडा पुरेसा आहे. ५ मार्च १९५० रोजी मध्य प्रदेशातील कटनी येथे सिंधी निर्वासित आणि स्थानिक मुसलमान यांच्यात दंगल उसळली. जमावाने भावाचे शेजारचे दुकान लुटले आणि मग अमजद खान या दुकानदाराच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. त्याने बंदूक झाडली. एक सिंधी ठार झाला, काही जखमी झाले. खालच्या न्यायालयाने त्याला खुनी ठरवले आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. २० मार्च १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या निवाड्याचा आशय असा की, शेजारचे दुकान लुटून दार ठोठावणारा जमाव आत शिरेपर्यंत वाट पाहण्याचे बंधन कोणावर नाही, आणि अशा घटकेला केलेला प्रतिकार सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही.

दुकानदार मुसलमान होता, मृत सिंधी निर्वासित होता. न्यायालयाने नाव पाहिले नाही, दारावर पडणारी लाठी पाहिली. हाच खरा कायदा आहे आणि हाच न्याय हिंदू समाज मागतो आहे. धुळ्याने ऑक्टोबर २००८ ची दंगल पाहिली, जानेवारी २०१३ ची पाहिली. २०१३ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात सहा माणसे गेली. दंगल थांबल्यावर जी धरपकड होते, तीत दार फोडणारा आणि दारामागे उभा राहिलेला यांच्यात फरक करण्याची तसदी प्रशासनाने घेतलीच पाहिजे. जे कटनीच्या अमजद खानला मिळाले, ते धुळ्याच्या प्रत्येक दुकानदाराला, तो कोणत्याही गल्लीतला असो, मिळाले पाहिजे.

राईनपाडा हे स्वसंरक्षण नव्हे

विरोधकांचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. प्रतिकाराला मोकळीक दिली, तर झुंडशाही माजेल, असे ते म्हणतात. आणि दाखला खानदेशातलाच देतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारण्यात आले. ते होते मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेवर जगणारे, या धर्माची परंपरा दारोदार नेणारे भटके. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले गेले. भ्रमणध्वनीवरून फिरलेली अफवा एवढाच काय तो ‘पुरावा’ होता.

ही घटना खानदेशाच्या माथ्यावरचा कलंक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जामनेर तालुक्यात एका तरुणाला जमावाने मारहाण करून ठार केले, तोही तसाच. मेलेला कोण आणि मारणारे कोण, हे पाहून ज्यांचा निषेध मंद वा तीव्र होतो, त्यांना स्वसंरक्षणाच्या हक्कावर बोलण्याचा अधिकार नाही. मग ते कोणत्याही गोटातले असोत.

परंतु या हत्यांचा आणि स्वसंरक्षणाचा संबंध काय? हल्ला चालू असावा वा अगदी समोर ठाकलेला असावा. पोलिसांकडे जाण्याइतका अवसर नसावा. आणि संरक्षणासाठी लागेल त्याहून अधिक इजा केली जाऊ नये. संहितेच्या या कसोट्या स्पष्ट आहेत. खोलीत कोंडलेला माणूस कोणावर हल्ला करतो? ज्याला पकडता येते, त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे, हे नागरिक सुरक्षा संहितेचे ४० वे कलम सांगते. राईनपाड्यात रक्षण नव्हते, शिक्षा होती. आणि शिक्षा देण्याचा अधिकार राजदंडाचा आहे, जमावाचा नाही. जटायूने रावणाला रोखले. वाटेवरच्या गोसाव्याला रावण ठरवून ठेचले नाही. रक्षण आणि झुंडशाही यांची गल्लत करून जे प्रत्येक प्रतिकाराला संशयाने पाहतात, ते झुंडीला रोखत नाहीत. एकट्या उभ्या राहणाऱ्या सज्जनाला मात्र घरी बसवतात.

सज्जन घरी बसला की काय होते, ते मुंबईने २० ऑक्टोबर २०११ रोजी पाहिले. अंधेरीच्या आंबोली भागात मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकल्याबद्दल दोन तरुणांना भर रस्त्यात भोसकले गेले. भोवती माणसे होती. पुढे कोणी आले नाही. दोघेही प्राणास मुकले. २०१६ साली चौघांना जन्मठेप झाली; परंतु त्या रात्री गप्प राहिलेल्या रस्त्याला कोणते न्यायालय जाब विचारणार?

प्रक्रियेचीच शिक्षा

न्यायालये या बाबतीत उदार आहेत, हे मान्य केले पाहिजे. आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा मांडला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने तो विचारात घ्यावा, असे मुन्शी राम प्रकरणात १९६७ साली ठरले. दर्शन सिंग प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने दहा सूत्रे घालून दिली आणि कायदा पाळणाऱ्या नागरिकाने हल्ल्यासमोर भ्याडासारखे वागावे अशी अपेक्षा नाही, असा निर्वाळा दिला. पण त्याच खटल्यात कनिष्ठ न्यायालयाने सोडलेल्या माणसाला उच्च न्यायालयाने दोषी ठरवले होते. निर्दोषत्व दिल्लीत मिळते. तोवर शेत गहाण पडलेले असते.

परदेशातही हा वाद पेटला आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १ मे २०२३ रोजी प्रवाशांना धमकावणाऱ्या एका मनोरुग्णाला एका माजी सैनिकाने गळ्याला विळखा घालून आवरले आणि तो मनुष्य दगावला. बळ गरजेहून अधिक वापरले का, हा प्रश्न रास्तच होता. डिसेंबर २०२४ मध्ये ज्युरीने सैनिकाला निर्दोष ठरवले. तोवर दीड वर्ष उलटले होते.

भारतातही दुसरा मार्ग आहे. मदुराई येथे २०१२ साली मुलीवर अत्याचार करू पाहणाऱ्या नवऱ्याला एका मातेने बॅटने मारले आणि तो मेला. पोलीस अधीक्षक अस्रा गर्ग यांनी हे स्वसंरक्षण आहे असे मानून तिला तुरुंगात न धाडता सोडून दिले. कायदा तोच, संहिता तीच. अधिकाऱ्याने मात्र ती वाचलेली होती.

काय व्हावे?

मागण्या चारच आहेत. पहिली : प्रतिकार करणाऱ्यावर तक्रार आल्यास ती नोंदवावी लागेल, परंतु नोंद म्हणजे अटक नव्हे. अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि अटकेचे समर्थन असणे वेगळे, हे सर्वोच्च न्यायालयाने जोगिंदर कुमार प्रकरणात १९९४ सालीच सांगितले आहे. दुसरी : स्वसंरक्षणाचा दावा लागू होतो की नाही, याचा सकारण निर्णय उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने आरोपपत्रापूर्वी लेखी नोंदवावा. तिसरी : अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने १३४-अ कलमाखाली संरक्षण दिले आहे. रक्ताने माखलेल्याला रुग्णालयात नेणारा जर संरक्षणास पात्र, तर ते रक्त सांडू नये म्हणून आडवा पडणारा अपात्र कसा? चौथी मागणी सरकारकडे नाही, समाजाकडे आहे. जळगाव-धुळ्याच्या वकील मंडळींनी अशा माणसांचे खटले विनाशुल्क चालवावेत, आणि गावोगावच्या मंडळांनी, शाखांनी ३४ ते ४४ ही कलमे, त्यांच्या मर्यादांसह, तरुणांना शिकवावीत. मर्यादा न शिकवता हक्क शिकवणे म्हणजे दुसरा राईनपाडा ओढवून घेणे होय.

धुळ्यात नानासाहेब देवांनी समर्थांच्या बाडांसाठी वाग्देवता मंदिर उभारले; बलोपासना आणि विवेक एकत्र नांदले पाहिजेत, ही समर्थांची शिकवण तेथे जपली गेली आहे. नंदुरबारमध्ये ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली गेली, तेव्हा शाळकरी शिरीषकुमार पुढे झाला, असे तिथली माणसे आजही सांगतात. खानदेशात पुढे होणाऱ्यांची वाण कधी नव्हती. पुढे झालेल्याच्या पाठीशी राज्य उभे राहणार की त्याच्या हातात बेड्या घालणार, याचे उत्तर गृहखात्याने एखाद्या भाषणात नव्हे, प्रत्येक पोलीस ठाण्याला पाठवलेल्या लेखी परिपत्रकात द्यावे.